डाव्या बाजूचं बटन

१

एसीचं पॅनल काढताना खालून सुरुवात करायची. आधी गिअरभोवतीची चौकट उचलायची, मग आतले दोन स्क्रू, मग फटीत प्लास्टिकची पातळ पट्टी घालून एकेक क्लिप सोडवायची. घाई केली की क्लिपचा कान तुटतो आणि पॅनल जन्मभर खडखडतं. मागचा प्लग दाबून काढायचा, वायरीला धरून ओढायचा नाही. मी हे काम आठ वर्षं करतोय. दहावीला दोनदा बसलो, दोन्हीदा गणितात गेलो, तेव्हा आबांनी, म्हणजे वडिलांनी, मला गाड्यांच्या वायरिंगच्या दुकानात चिकटवलं. बटनांची दुरुस्ती मी डोळे मिटून करीन.

जुन्या गाडीत बटनं दोन तऱ्हांनी जातात. वरचा काळा मऊ रंग उन्हाने चिकट होतो आणि सोलून निघतो. ते नुसतं दिसायला वाईट. दुसरी तऱ्हा आतली. प्रत्येक बटनाखाली रबराची टोपी असते, टोपीच्या पोटात कार्बनची काळी टिकली. बटन दाबलं की टिकली खालच्या बोर्डाला टेकते आणि काम होतं. टिकली झिजली की कितीही दाबा, काही होत नाही.

दादाच्या गाडीचं पॅनल मी तो गेल्याच्या चौदाव्या दिवशी काढलं. ग्वाल्हेरला, हरिशंकरपुरममधल्या आमच्या घरासमोर पत्र्याची शेड आहे, तिच्याखाली. सकाळचे दहा वाजले होते आणि पत्रा एवढ्यातच तडतडत होता.

गाडी पांढरी सेडान, पंधरा वर्षं जुनी. दादाने एका रिटायर्ड अधिकाऱ्याकडून घेतली होती. तिच्यात डाव्या-उजव्या बाजूचं तापमान वेगवेगळं ठेवता येतं. दादाला त्याचं फार कौतुक. म्हणायचा, "ही नवरा-बायकोचं भांडण मिटवणारी गाडी आहे." कारण हेमांगी वहिनीला थंडी फार. ती डाव्या सीटवर बसून ओढणी गुंडाळायची आणि आपला आकडा सत्तावीसवर ठेवायची. दादा उजवीकडे, चालवायला, वीसवर. म्हणजे डाव्या बाजूचं तापमान कमी करायचं बटन त्या गाडीत फारसं कुणी वापरतच नव्हतं.

मी टोप्या काढून कागदावर मांडल्या. बाकी सगळ्या टिकल्या ठीक होत्या. डाव्या बाजूच्या त्या बटनाची टिकली नव्हतीच. ती झिजून संपली होती, आणि नंतर रबर झिजून त्याला आरपार भोक पडलं होतं.

हेच पॅनल मी मार्चमध्ये उघडलं होतं. आतला दिवा बदलायला. तेव्हा ती टिकली नवीकोरी होती.

मी बटन उलटं करून वरून पाहिलं. काळ्या रंगात दोन रेघा उमटल्या होत्या, शेजारी शेजारी, मध्ये तांदळाच्या दाण्याएवढं अंतर. त्या रेघा मला माहीत होत्या. मी पाच वर्षांचा असताना दादाच्या अंगठ्यावर न्हाणीघराचं दार आपटलं होतं. त्याचं नख मधोमध फाटून दोन तुकड्यांत उगवलं आणि तसंच राहिलं. कोर्टात टायपिंग करायचा, तिथेही त्याची स्पेस दाबायची पट्टी अशीच ओरबाडलेली असायची.

दादा त्या गाडीत डाव्या सीटवर एकदाच बसला. ज्या दिवशी तो गेला त्या दिवशी.

२

सगळ्यांना मी सांगितलं होतं ते असं. दादाला दोन दिवस ताप होता, उलट्या होत होत्या. कॉलनीतल्या डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं आणि म्हणाले, लगेच हॉस्पिटलला न्या, सलाईन लागेल. घरी मी आणि आबाच होतो. वहिनी शाळेच्या उन्हाळी शिबिरात शिकवायला गेली होती. मी दादाला गाडीत घातलं. बाहेर सेहेचाळीस डिग्री होतं. रस्ता जाम होता. हॉस्पिटल येईपर्यंत तो गेलेला होता.

यातलं एकही वाक्य खोटं नाही.

दहाव्याला आम्ही तळ्याकाठी पिंड ठेवला आणि लांब जाऊन उभे राहिलो. झाडावर कावळे होते. एकही खाली येईना. पंधरा मिनिटं झाली, अर्धा तास झाला. ऊन चढायला लागलं. दादाच्या ऑफिसातला हिंदीवाला मित्र मला हळूच विचारत होता, "भाई, किसका वेट हो रहा है?"

गुरुप्रसाद गुरुजी म्हणाले, "जीव अडकलाय कुठेतरी. ज्याला जे बोलायचंय ते मोठ्याने बोला."

आबा पुढे झाले. आमचे पणजोबा शिंद्यांच्या फौजेत होते, आणि आबा अजून ताठ उभे राहतात. "सौरव, हेमांगीला लेकीसारखी सांभाळीन." कावळे हलले नाहीत. वहिनी म्हणाली, "माझी काळजी करू नको, नोकरी करेन." कावळे हलले नाहीत. मग सगळे माझ्याकडे बघायला लागले.

मला काय बोलायचं होतं ते मला माहीत होतं. जिभेवर आलं होतं. पण आबा होते, वहिनी होती. माझ्या तोंडून दुसरंच निघालं.

"दादा, गाडीची बटनं दुरुस्त करतो. आणि तू बसला होतास ती जागा तुझीच. कुणाला देणार नाही."

कावळा इतक्या पटकन खाली आला की कुणीतरी हसलंच. त्याने पिंडाला चोच लावली.

"बघा, बटनांसाठी अडला होता बिचारा," गुरुजी म्हणाले. आबा डोळे पुसत होते. फक्त वहिनी माझ्याकडे बघत होती.

घरी आल्यावर ती म्हणाली, "अंशू, तेरावं झालं की मला झाशीला सोड. आईकडे राहीन महिनाभर. रविवारी जाऊ. गाडीनेच."

"ट्रेनने जा ना वहिनी. दीड तास."

"गाडीने. मी पुढे बसेन. तो बसला होता तिथे."

म्हणून ती बटनं रविवारच्या आत ठीक व्हायला हवी होती. दुसरं काही मला नको होतं. त्या सीटवर वहिनी बसणार, आणि तिने बटन दाबलं तर थंड हवा यायला हवी.

३

बुधवारी मी रबराचं भोक बुजवून टिकलीच्या जागी कार्बनचा लेप दिला, बोर्ड स्पिरिटने पुसला, बटनाला काळा रंग मारला. दोन्ही रेघा बुजल्या. पॅनल बसवून गाडी सुरू केली. दोन्हीकडे चोवीस लावले. डावं बटन दाबलं, तेवीस. पुन्हा दाबलं, बावीस. वाढवायचं दोनदा दाबलं, पुन्हा चोवीस. तासभर मी तेच करत बसलो. आबा खिडकीतून म्हणाले, "खेळणं आहे का ते? बॅटरी उतरेल."

गाडी बंद केली. चावी आबांच्या खोलीत खिळ्याला अडकवली.

गुरुवारी सकाळी सुरू केली. उजवीकडे चोवीस. डावीकडे अठरा. अठराच्या खाली त्या गाडीत आकडाच नाही.

जुन्या गाड्या असं करतात. बोर्डावर दमट राहिलं, कुठे शॉर्ट झालं, तर आकडा आपोआप सरकतो. मी दिवसाला अशा दोन गाड्या बघतो. मी स्वतःला हे सांगत होतो आणि वाकून बटनाकडे बघत होतो. नवीन रंगात दोन रेघा होत्या.

रंग ओला राहिला असेल. माझंच नख लागलं असेल. मी माझं नख त्या रेघांवर लावून पाहिलं. माझं नख एक आहे.

पॅनल काढलं. कालची टिकली संपली होती.

४

खासगी बाजारात एका घराच्या जिन्याखाली मधु भैयाचं दुकान आहे. रिमोट, मिक्सरचे बोर्ड, गाडीची पॅनलं, सगळं तो करतो. साठीचा आहे, मराठी आहे, पण गिऱ्हाइकांशी हिंदी बोलून बोलून आमच्याशीही तसंच बोलतो.

मी टोपी त्याच्या समोर ठेवली. त्याने डोळ्याला भिंग लावलं.

"हे कधीचं आहे?"

"काल लेप दिला होता."

"कोणाला उल्लू बनवतोय? हे लाखभर वेळा दाबलेलं आहे. लिफ्टचं बटन पण इतकं घिसत नाही." त्याने टोपी उजेडात धरली. "आणि सीधं नाही दाबलं. हे बघ, कडेला जास्त गेलंय. ताकद नसलेला माणूस दाबतो ना, अंगठा घसरत घसरत, तसं. माझी अम्मा शेवटी टीव्हीचा रिमोट असाच दाबायची."

मी त्याच्या हातून टोपी घेऊन खिशात घातली.

"अरे, मी भाईसाहेबांचं ऐकलं," तो आवाज उतरवून म्हणाला. "बहुत बुरा हुआ. चार-पाच वेळा आले होते इथे. एकदा म्हणाले, माझा भाऊ इतका मोठा कारागीर आहे, ग्वाल्हेरच्या सगळ्या गाड्या ठीक करतो, फक्त माझी सोडून."

तो हसला. दादा हे हसतच म्हणाला असणार, मला माहीत आहे. मार्चमध्ये पॅनल उघडं होतं तेव्हा तो शेजारीच उभा होता. "अंश्या, डाव्या बाजूचा आकडा आपोआप वाढतो रे. ते वाढवायचं बटन अडकतं. हेमांगी भाजून निघते." मी पाहिलं, बटन खरंच अडकत होतं. दहा मिनिटांचं काम. पण दुकानात गिऱ्हाईक थांबलं होतं. मी म्हणालो, पुढच्या वेळी. मग एप्रिलमध्ये म्हणालो, पुढच्या वेळी. मेमध्येही.

मधु भैयाने डबीतून नव्या टोप्यांची पट्टी काढून दिली. "हे ओरिजिनल आहे. हे नाही जाणार. गेलं तर गाडीला नाही, स्वतःला दाखव कोणाला तरी."

५

शुक्रवारी भर दुपारी मी पॅनल पुन्हा काढलं. नवी पट्टी घातली, वर रंग मारला. मग पॅनल जोडलं नाही. प्लग मोकळाच ठेवला, पॅनल वर्तमानपत्रावर डाव्या सीटवर ठेवलं, रंग वाळायला. दारं उघडी टाकली. ना बॅटरी, ना वायर. नुसतं प्लास्टिक.

नळावर हात धूत होतो. गरम वाऱ्याची लू सुटली होती, कॉलनीत चिटपाखरू नव्हतं. कूलरही बंद होते, लाइट गेली होती. त्यामुळे ऐकू आलं.

टिक.

मी नळ बंद केला.

टिक. टिक. मग थोडं थांबून, टिक.

रबराची टोपी दाबली जाते तेव्हा असाच आवाज येतो. आत जाताना नाही, सुटताना. मी आठ वर्षं तो रोज ऐकतोय. मी पाचेक पावलांवर उभा होतो आणि मला पॅनल दिसत नव्हतं, दाराची कड मध्ये येत होती. पुढे झालो असतो तर दिसलं असतं. पण झालो नाही.

पत्रा तडतडत असेल. प्लास्टिक तापलं की फुगतं, क्लिपा आवाज करतात. पण पत्रा कसाही तडतडतो. हा आवाज आधी सावकाश होता, मग घाईघाईने आला, मग एकदम खूप वेळा, मग दमल्यासारखा थांबला. आणि पुन्हा सुरू झाला.

आतून आबांचा आवाज आला. "अंशुल, ते घड्याळ काढून टाक रे. झोपू देत नाहीये."

"कुठलं घड्याळ आबा?"

"तेच. टिकटिक चाललीये सकाळपासून."

आमच्या घरात काट्याचं घड्याळ नाही.

मी पुढे झालो. मी गेलो तसा आवाज थांबला. वर्तमानपत्रावर पॅनल होतं, रंग अजून ओला होता, आणि त्या एका बटनावर ओल्या रंगात दोन रेघा होत्या. सीटच्या कापडावर हात ठेवला तर ते भट्टीसारखं गरम होतं. दारं उघडी होती, गाडी सावलीत होती. शेजारची, चालवणाऱ्याची सीट गार होती.

६

शनिवारी मी माझ्या परीने शेवटचं केलं. डाव्या बाजूच्या गरम-गार हवेच्या झडपेची मोटर असते, तिचा प्लगच काढून टाकला. झडप हाताने फिरवून गारवर ठेवली. आता बटन काहीही म्हणो, हवा गारच येणार. डाव्या बाजूच्या दोन्ही बटनांवर काळी टेप लावली, दोन थर.

वहिनी बॅग भरत होती. दादाचे शर्ट तिने बॅगेत घातले होते. मी दारात उभा राहिलो.

"वहिनी, मागे बस उद्या. पुढची सीट खराब आहे. स्प्रिंग लागते."

"लागू दे."

"एसी पण नाही चालत त्या बाजूचा."

"चार दिवस काय करत होतास मग? उस्ताद आहेस ना?" ती हे ओरडून म्हणाली नाही. घडी घालत म्हणाली. "अंशू, तुला मला तिथे बसू द्यायचं नाहीये. का?"

"मी दादाला शब्द दिलाय."

"मी त्याची बायको आहे. माझ्यापासून जागा राखतोस?"

मी म्हणायला हवं होतं ते तेव्हाही जिभेवर आलं. मी वळलो आणि शेडमध्ये जाऊन टायरला लाथ मारली.

७

रविवारी साडेदहाला निघालो. आबा फाटकात उभे राहिले, वहिनीच्या हातावर दही ठेवलं. ती पुढे बसली. मी बघत होतो. काही झालं नाही. डावीकडे बावीस, उजवीकडे बावीस, हवा गार. तिने ओढणी गुंडाळून घेतली.

झाशी रोड आमच्या घरापासून जवळच. मी तिकडे वळायला लागलो.

"आधी दाल बाजारकडून चल," वहिनी म्हणाली.

"उलटं पडेल."

"पडू दे. त्या दिवशी तिथूनच नेलंस ना त्याला?"

मी दाल बाजारचं नाव कुणालाच सांगितलं नव्हतं.

रविवार होता. निम्मी शटरं बंद होती, हातगाड्या उलट्या करून ठेवल्या होत्या. ती म्हणाली, थांब. मी थांबलो. मग पर्समधून तिने दादाचा फोन काढला.

"यात सगळं आहे," ती म्हणाली. "बारा बेचाळीसला मला फोन. बारा चव्वेचाळीसला मला फोन. माझा फोन पर्समध्ये होता, मी मुलांना कागदाच्या होड्या शिकवत होते. बारा सत्तेचाळीसला तुला. हॉस्पिटलच्या कागदावर एक पस्तीस लिहिलंय. त्याच्या फोनमध्ये रस्ता पण राहतो, कुठे किती वेळ होता तो. इथे एकतीस मिनिटं. मी इतके दिवस हेच गणित करतेय, अंशू. तुझा भाऊ तुझ्या शेजारी बसलेला असताना तुला फोन का लावेल?"

मग मी सांगितलं. समोर काचेकडे बघत सांगितलं.

मोठा रस्ता जाम होता म्हणून मी गाडी दाल बाजारात घातली. एका हातगाडीवाल्याने आरसा घासला, आरशाची काच फुटली. माझं डोकं फिरलं. मी गाडी कडेला पोत्यांच्या थप्पीला चिकटवून लावली, इंजिन चालू, एसी चालू. दादाला म्हणालो, पाच मिनिटांत येतो. तो म्हणाला, "अंश्या, सोड ना यार." उतरता उतरता मी काचांचं लॉक दाबलं. दुकानात गिऱ्हाइकांची मुलं काचा खालीवर करतात म्हणून मला ती सवय आहे, मी न बघता दाबतो. हातगाडीवाल्याचे दोन भाऊ आले. मी एकाची कॉलर धरली. लोक जमले. कुणीतरी मला धरून दुकानात बसवलं, पाणी दिलं. मी तिथेही शिव्या देत बसलो.

"एसी तर चालू होता," वहिनी म्हणाली.

"त्याच्या बाजूला गरम हवा येत होती. आकडा आपोआप बत्तीसवर जायचा. वाढवायचं बटन अडकलेलं, म्हणून कमी करायचं लागत नसणार. बंद करायचं बटन माझ्या बाजूला आहे. त्याचा हात पोचला नसणार."

"दार?"

"पोती होती. वीतभर उघडत होतं."

"आणि तुला केलेला फोन?"

"माझा फोन गाडीतच होता," मी म्हणालो. "चार्जिंगला. इथे, मधे. तो त्याच्या शेजारीच वाजला."

वहिनीने तोंडावर हात धरला. गाडीत फक्त पंख्याचा आवाज होता. आणि मग दुसरा आला.

टिक.

"हे काय आहे?" ती म्हणाली.

टेपला खड्डा पडत होता. डाव्या बाजूच्या त्या बटनावरची टेप आत जायची आणि वर यायची. टिक. आत, वर. टिक. तिचे दोन्ही हात मांडीवर होते. आकडा बावीसचा तेवीस झाला. बटन कमी करायचं होतं, आणि आकडा वाढत होता. चोवीस. सव्वीस. तिच्या बाजूच्या जाळीतून जी हवा आली तिचा मला इतक्या लांबून चटका बसला. मोटरचा प्लग मी स्वतः काढला होता, तो डॅशबोर्डखाली मोकळा लोंबताना मला दिसत होता.

वहिनीने टेपवर बोट ठेवलं. मी ओरडलो, नको. तिने काढलं नाही.

"माझ्या बोटाखाली आहे," ती म्हणाली. तिच्या कपाळावरून घाम ओघळत होता आणि तिचा आवाज अगदी शांत झाला. "सौरव? गरम होतंय का तुला?"

टिक टिक टिक टिक.

एकोणतीस. तीस.

"काच खाली कर वहिनी!"

तिने तिच्या दारावरचं बटन ओढलं. काच हलली नाही. माझ्या दारावर काचांच्या लॉकचा लाल दिवा लागलेला होता. मी लॉक दाबलं नव्हतं. की दाबलं होतं, मला माहीत नाही. मी तिच्या पलीकडे पाहिलं. तिच्या काचेला चिकटून बंद दुकानाचा दगडी ओटा होता. मी न बघता गाडी तशीच लावली होती. त्या दिवशी पोती होती त्याच जागी, तितकीच चिकटवून.

लॉक सोडायला मी बटन दाबलं. दिवा गेला नाही. पुन्हा दाबलं.

"अंशू, तू उतर," वहिनी म्हणाली. तिने मान सीटला टेकली होती आणि डोळे मिटले होते. "पाच मिनिटं. आम्हाला बसू दे."

माझा हात दाराच्या कडीवर गेला. देवाशपथ गेला. उतरून चालायला लागावं, पाणी प्यावं, कुणाशी तरी भांडावं असं इतकं वाटलं की कडी अर्धी ओढलीही गेली. बाहेरची हवा आत आली आणि ती गार लागली.

बत्तीस.

मी दार ओढून घेतलं.

"दादा!" मी ओरडलो. "जागा दिली ते खोटं होतं. मला खरं बोलायचं नव्हतं म्हणून दिली. मी तुला कोंडून भांडायला गेलो. मी बटन नीट केलं नाही. तिने काय केलंय? तिला सोड. माझ्याकडे ये. इकडे ये, माझ्या बाजूला."

टिकटिक थांबली.

आकड्यांच्या वरची काच काळी, चकचकीत आहे. मागून ऊन येत होतं, त्यामुळे तिच्यात आमचे हात दिसत होते. वहिनीचं बोट टेपवर. त्या बोटाला लागून एक अंगठा. नख मधोमध फाटलेलं. तो काचेतच होता, बटनापाशी मी पाहिलं तर नुसती टेप होती. पुन्हा काचेत पाहिलं. अंगठा टेपवरून उचलला गेला होता आणि पॅनलवरून सावकाश, घसरत घसरत, उजवीकडे येत होता. माझ्या बाजूला.

डावीकडे एकतीस. तीस. आकडा उतरायला लागला.

माझ्या बाजूचं वाढवायचं बटन आत गेलं.

८

झाशीपर्यंत वहिनीच्या बाजूला बावीस होतं आणि माझ्या बाजूला बत्तीस. डबरा गेलं, दतिया गेलं. ती झोपली होती, ओढणी गळ्यापर्यंत घेऊन. माझा शर्ट पाठीला चिकटून वाळला आणि पुन्हा भिजला. मी काच उघडली नाही. एकदाही बटन दाबलं नाही. दोन-तीनदा रस्ता पांढरा दिसला, तेव्हा स्टिअरिंग घट्ट धरून ठेवलं.

तिच्या आईच्या दारात ती उतरली. बॅग मीच काढून दिली. तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं, मग गाडीकडे.

"आबांना सांगशील?"

"आज सांगतो."

"परत जाताना काच उघड," ती म्हणाली. "मी तुला माफ केलेलं नाही. पण काच उघड." आणि आत गेली.

आबांना मी त्याच संध्याकाळी सांगितलं. ते माझ्याशी बोलत नाहीत. घर दिवसभर गप्प असतं, त्यांना आता घड्याळही ऐकू येत नाही.

गाडी मी विकली नाही. माझ्या बाजूच्या वाढवायच्या बटनावर दोन रेघा आहेत, रोज जरा खोल जातात. ते पॅनल मी आता उघडणार नाही. डाव्या सीटवर कुणीही बसतं, दुकानातली माणसं, शेजारचे. म्हणतात, काय मस्त गार आहे रे तुझी गाडी.

उतरताना मी चारही काचा खाली करतो. काही चोरीला गेलं तर जाऊ दे. लॉकचं बटन तर मी उपटूनच टाकलंय, तिथे आता नुसतं भोक आहे. पाच मिनिटांचं काम असलं तरी काचा पूर्ण खाली करतो आणि मगच जातो.

परत येतो तेव्हा त्या बंद असतात. मी दार उघडतो आणि आत बसतो.